माझ्या आधीचा आवाज

प्रवेशाच्या दिवशी मी एक भीमगीत गायले. दुसरं काही मला येतच नव्हतं. बाबा सडक अर्जुनीला हायवेच्या कडेला ट्रकचे टायर दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी हात घासून धुऊन विहारात पेटीवर बसायचे. त्यांच्या बाजूला बसून मी गाणं शिकले, म्हणजे ट्रकच्या हॉर्नवर आवाज कसा चढवायचा ते शिकले. दरेकसा स्टेशनापासून दोन किलोमीटरवर, जंगलात, फक्त संगीत शिकणाऱ्या मुलांची राहण्याची शाळा आहे, हे आमच्या गावातल्या मास्तरांनी बाबांना सांगितलं. तेव्हा मी तेरा वर्षांची होते.

टेबलामागे तिघं बसले होते. मुख्याध्यापक, तबल्याचे सर आणि गायनाच्या बाई. बाई पन्नाशीच्या, करड्या सुती साडीतल्या. मी दोन ओळी म्हटल्या आणि त्यांचं लिहिणं थांबलं. त्या उठल्या, दोन्ही खिडक्या लावून घेतल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. या वेळी त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"आता नुसता सा. दम संपेपर्यंत."

माझा दम संपला तरी त्या वळल्या नाहीत. मग भिंतीकडेच बघत त्यांनी बाबांना विचारलं, "हिचं सामान आणलंय का?"

"नाही जी. आज तं परीक्षाच होती ना."

"उद्या घेऊन या."

बाकीच्या मुलांची यादी पंधरा दिवसांनी लागणार होती. येताना बाबा गाडीवर सारखे मागे वळून सांगत होते, "पाह्यलं का, एका गान्यात घेतलं तुले!" मीही खूश होते. बाईंनी एकदाही माझ्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं, हे रात्री माय विचारू लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाई दिसायला कशा, मी सगळं सांगितलं. त्यांना मी कशी दिसले असेन, ते काही सांगता येईना.

शाळा म्हणजे तीन बैठ्या इमारती आणि मागे डोंगर. सकाळी साडेपाचला खर्जाचा रियाज. धुक्यात समोरचं झाड दिसायचं नाही आणि त्या धुक्यात वेगवेगळ्या खोल्यांतून चाळीस-बेचाळीस मुलं एकाच खालच्या सुरात आवाज लावून बसायची. चढावर मालगाडी आली की दोन इंजिनं घरघरत जायची आणि तानपुऱ्याच्या तारा कुणी हात न लावता थोड्या वाजायच्या. तबल्याच्या सरांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं की हे कंपनामुळे होतं, घाबरायचं नाही. मी घाबरत नव्हते. मला ते आवडायचं. दुपारी गणित, इंग्रजी वगैरे नेहमीची शाळा, चारनंतर पुन्हा संगीत. तबला, व्हायोलिन, बासरी, गायन, आणि सगळ्यांना थोडी थोडी पेटी. माझ्या खोलीत गोंदिया शहरातली एक मुलगी होती, व्हायोलिन शिकायची. ती हिंदीतच बोलायची आणि माझं झाडी बोलणं ऐकून पोट धरून हसायची. महिन्याभरात तीही 'का'ला "काऊन" म्हणायला लागली.

बाई मला एकटीला शिकवायच्या. इतर मुलींना त्या चौघी-पाचजणींत बसवत. माझ्यासाठी रोज दीड तास वेगळा. तसं शिकवणं मला पुढे कुठेही मिळालं नाही, हे आधीच सांगते. एका स्वरावर त्या आठ-आठ दिवस थांबत. स्वर कुठे राहतो, कुठून निघतो, कुठे जाऊन टेकतो, हे त्या हाताने हवेत दाखवत आणि मला ते खरंच दिसायचं.

पण काही गोष्टी विचित्र होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकघरात सांगितलं, "हिला लोणचं, मिरची द्यायची नाही. हिला चालत नाही." मी जन्मापासून ठेचा खात आले होते. मला वाटलं, गाणाऱ्यांना हा नियमच असेल. पण बाकीच्या गाणाऱ्या मुली समोर बसून लोणचं खायच्या. दुसरं म्हणजे डावा हात. "डावा हात गुडघ्यावर ठेव. आणि तुझं ते बोट. ठेक्याबरोबर चालू दे," असं त्या म्हणायच्या आणि माझी करंगळीजवळची अनामिका धरून हलवून दाखवायच्या. माझी तशी काही सवय नव्हती. दिवाळीपर्यंत ती सवय झाली. आणि तिसरं, श्वास. एका बंदिशीत तीन अक्षरांचा एक शब्द होता. त्यातल्या पहिल्या अक्षरानंतर श्वास घ्यायला त्या लावत. शब्द मधेच तुटायचा.

"बाई, शब्द संपल्यावर घेतला तर? मला पुरतो दम."

"तिथेच घ्यायचा. तू तिथेच घेतेस."

'घेतेस' म्हणाल्या. मी त्याआधी तिथे एकदाही घेतला नव्हता.

शाळा झाडायला जवळच्या टोल्यावरून, म्हणजे छोट्या वस्तीवरून, एक मावशी यायच्या. गोंड होत्या, वय झालेलं, कानाने उत्तम, डोळ्यांनी जरा कमी. हिवाळ्यात एका दुपारी मी वर्गात एकटीच रियाज करत होते. दार लोटलेलं होतं. बाहेर झाडूचा आवाज येत होता, तो थांबला. दार हळूच उघडून मावशी आत आल्या आणि प्रेमाने म्हणाल्या, "कवा आली वो बाई तू? सांगतलंबी नाही."

मी गाणं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. त्या दोन पावलं पुढे आल्या, माझं तोंड नीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कोण वाटली तुम्हाले, मावशी?"

"काही नाही. उजेडानं डोये दिपले माहे." आणि झाडू तिथेच टाकून त्या निघून गेल्या.

मी हे खोलीतल्या मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "बुढी है यार, छोड." मी सोडून दिलं.

उन्हाळ्यात मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या खोलीत बसून रियाज करत होते. माय मागे भाकरी करत होती. मी आलाप संपवला आणि मायने आतून विचारलं, "कोन आलं वो?"

"कोनी नाही आलं. मीच आहो."

माय पिठाच्या हाताने दारात आली. खोलीत इकडे-तिकडे बघितलं. कोपऱ्यातसुद्धा बघितलं.

"मग गाऊन कोन राहिलं होतं?"

"मीच माय."

तिने पिठाचे हात पदराला पुसले. मग म्हणाली, "तुहा आवाज असा नोहता." तिच्या बोलण्यात राग नव्हता, कौतुकही नव्हतं. घरात अनोळखी माणूस शिरल्यावर जसं बोलतात तशी ती सावकाश बोलली. नंतर सुट्टीभर मी रियाजाला बसले की ती काही ना काही काम काढून समोर येऊन बसायची आणि माझ्या ओठांकडे बघायची. बाबा हसण्यावारी नेत. "आवाज तयार होऊन राहिला तिचा. शिकाले कायले धाडलं मंग?" मला मात्र ते हसणं पुरलं नाही. आंघोळ करताना मी आमचं जुनं भीमगीत म्हणून बघितलं. पहिली ओळ मोठ्याने, हॉर्नवर चढवावी तशी. ती चढेना. आवाज गोल, पातळ, देखणा होऊन बाहेर येत होता, आणि शब्दाच्या मधेच माझा श्वास आपोआप तुटत होता.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात नागपूरच्या एका मोठ्या कार्यक्रमासाठी माझं नाव पाठवायचं ठरलं. विदर्भातल्या शाळकरी गायक-वादकांना तिथे जाणकारांसमोर गायला मिळतं आणि निवड झाली तर पुढच्या शिक्षणाची सोय होते. अर्जासोबत तीन रेकॉर्डिंग पाठवायची होती. आमच्या शाळेत प्रत्येकाचं गाणं-वाजवणं महिन्याला एकदा रेकॉर्ड व्हायचं आणि ते ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरवर साठवलेलं असायचं. ऑफिसातले बाबू जेवायला जाताना म्हणाले, "तुझं तूच शोधून पेनड्राइव्हवर घे." मैत्रिणीला कॉम्प्युटर चांगला यायचा, म्हणून तिला सोबत नेलं.

फोल्डरांना बाईंची आद्याक्षरं होती, मुलांची नावं नव्हती. तिने एक फाइल उघडली. तानपुरा, मग आवाज. माझा आवाज.

"यही है तेरा," ती म्हणाली आणि कॉपी करायला लागली.

"थांब." मी ऐकत होते. "हा मारवा आहे."

"तो क्या?"

"मला मारवा शिकवलाच नाही अजून."

ती हसली. "तो फिर नींद में गाया होगा." तिने फाइलवर माऊस नेला आणि ती हसायची थांबली. रेकॉर्डिंग मी शाळेत येण्याच्या पाच वर्षं आधीचं होतं. तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची, सडक अर्जुनीत, विहाराच्या सतरंजीवर.

आम्ही दोघींनी ते पूर्ण ऐकलं. भरदुपार होती, बाहेर पाऊस, पत्र्यावर एवढा आवाज की कान स्पीकरला लावावा लागत होता. ती मुलगी रिषभावर येऊन थांबायची आणि षड्ज टाळायची. मारव्यात तसंच असतं, घर समोर दिसत असतं पण आत जायचं नाही. शब्दाच्या मधे तिचा श्वास तुटायचा. खाली, अगदी बारीक, गुडघ्यावर बोट आपटल्याची टकटक. आणि शेवटी बाईंचा आवाज, आजच्यापेक्षा तरुण: "शाबास. डावा हात सुटला बघ."

मैत्रिणीने कॉम्प्युटर बंद केला. त्या रात्री तिने मला न विचारता तिची खाट माझ्या खाटेला चिकटवली.

पुढच्याच सोमवारी बाईंनी तानपुऱ्याची पंचमाची तार हलवून निषादावर लावली आणि म्हणाल्या, "आजपासून मारवा." त्यांनी पहिला स्वरसमूह म्हटला. मी म्हटला. दुसरा त्यांनी अर्धाच म्हटला होता, तर माझ्या तोंडून पुढचा अर्धा निघून गेला. मी तो आठवून म्हटला नव्हता. रेकॉर्डिंग एकदाच ऐकलं होतं. तो आपोआप आला, आणि त्याच्यामागून तिसराही आला.

मला वाटलं आता बाई विचारतील, कुठे ऐकलंस. त्यांनी तानपुरा छेडणं थांबवलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या.

"आठवलं ना?" त्या म्हणाल्या.

मी वर्गातून उठून पळाले नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मी तास पूर्ण केला. मग थेट विहिरीजवळ मावशी भांडी घासत होत्या तिथे गेले.

"मावशी, माह्या आधी कोण होती?"

त्यांनी हात थांबवले नाहीत. "मले नको विचारू."

"मेली का ते?"

"मरन कायले?" मावशी एकदम माझ्याकडे वळल्या. "जिती आहे. बिरसीले राहते, तिच्या मायच्या घरी. गाऊन गाऊन गया बसला तिचा, आवाजच गेला, अना ते घरी गेली. बस."

ती मेलेली नाही हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. मेलेल्या मुलीचा आवाज आपल्यात आला असता तर तिला त्याची गरज नव्हती. ही तर तिकडे बिरसीला जिवंत होती, आवाजाशिवाय.

दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांना सगळं सांगितलं.  दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी काढली. सडक अर्जुनीहून गोंदिया, तिथून बिरसी. धान कापणीला आलेलं होतं. वर विमान चालवायला शिकणाऱ्यांची छोटी विमानं एकामागून एक गिरक्या घेत होती, तीच ती वाट पुन्हा पुन्हा. दरेकशाच्या शाळेत गाणारी मुलगी कुठे राहते, असं विचारत विचारत घर सापडलं. अंगणात एक बाई धान उन्हात पसरत होती. पंचविशीच्या आतली, अंगाने बारीक, गळ्याभोवती पदर घट्ट. माझ्याशी तिचं कुठेच साम्य नव्हतं. मी जाडसर, सावळी. ती उंच आणि गोरी.

बाबांनी शाळेचं नाव घेतलं. ती उभी राहिली. बोलली तेव्हा नुसती हवा बाहेर आली, हवेत शब्द होते.

"बाईनं धाडलं का?"

"नाही," मी म्हटलं. "बाईंना माहीत नाही."

तिने मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "म्हन काही."

मी मारवा म्हटला. दुसरं काही सुचलंच नाही. मी आलाप सुरू केला आणि समोर बसलेल्या तिने डोळे मिटले. तिचा पदर सरकला होता. मी स्वर वर नेला की तिचा गळा वर जायचा, मी खाली आणला की खाली. तिचे ओठ बंद होते. मला वाटू लागलं की मी गात नाहीच, तिचा गळा हलतो आहे आणि आवाज तेवढा माझ्याकडून निघतो आहे. मी घाबरून थांबले. तिचा गळा त्यानंतरही थोडा वेळ हलत राहिला. बाबांनीही ते पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

तिने डोळे उघडले. "तो मधातला श्वास तुले कोनं शिकवला?"

"बाईंनी."

"तो श्वास नोहे वो." ती कुजबुजत होती आणि मी पुढे वाकले होते. "लहानपनी मले छातीचा आजार झालता. दम पुरे ना. म्हनून मी शब्द तोडत होती. अना बोटानं मोजत होती, दम किती उरला ते."

"आणि लोणचं?"

"गया सुजून राहे माहा. चालत नोहतं." मग तिला काहीतरी कळलं. "बाईनं तुले माहं दुखनं शिकवलं."

 मग तिने सांगितलं. नागपूरच्या त्याच कार्यक्रमाआधी तिचा गळा सुजलेला होता. बाई म्हणायच्या, थोडंच राहिलं आहे, एवढं झालं की विश्रांती. कार्यक्रम झाला, सगळ्यांनी वाखाणलं. मग दुसरा कार्यक्रम आला. एका सकाळी खर्ज लावायला तिने तोंड उघडलं आणि हवाच आली. पुढे डॉक्टर, ऑपरेशन, महिनोन्‌महिने मौन. बोलण्यापुरती कुजबुज परत मिळाली.

"बाईचाच दोष नाही," ती म्हणाली. "थांबा असं मीबी नाही म्हनलं. मले गानं पाहिजे होतं." आणि मग, "त्या एकडाव आलत्या. आठेच, या खाटेवर बसल्या. मी तोंडच उघडलं नाही. बसल्या अना गेल्या."

निघताना तिने माझा डावा हात धरला. माझं बोट तेव्हाही हलत होतं. तिने ते आपल्या मुठीत घट्ट धरून ठेवलं, हलायचं थांबेपर्यंत.

सुट्टीनंतरचा पहिला तास. बाईंनी तानपुरा दिला. मी बंदिश सुरू केली आणि तो शब्द अखंड म्हटला. श्वास पुढे, माझ्या जागी घेतला.

"चुकलं."

मी पुन्हा अखंड म्हटला.

"चुकलं. तिथे घे."

"बाई, तो माझा श्वास नाही. मी बिरसीला जाऊन आले."

बाईंनी मला हाक मारली, दुसऱ्याच नावाने. ते नाव मी बिरसीला ऐकलं होतं. हाक मारून त्या स्वतःच दचकल्या. तारांवर हात ठेवून त्यांनी तानपुरा बंद केला आणि उठून गेल्या. तीन दिवस त्या वर्गावर आल्या नाहीत. सगळीकडे कुजबुज सुरू झाली की मी बाईंना काहीतरी बोलले. चौथ्या दिवशी त्या आल्या आणि म्हणाल्या, "म्हण. तुझ्या दमाने." मी गायले. त्या पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्यांनी थांबवलं नाही. फक्त तो शब्द आला की त्या स्वतः श्वास घ्यायच्या. तिच्या जागी.

नागपूरला माझी निवड झाली. थंडीत, दुपारच्या सत्रात, मी माझ्या श्वासाने मारवा गायले. वेळ मारव्याची नव्हती, पण तयारी त्याचीच होती. गुणांत तिसरी आले. पुढच्या शिक्षणाची सोय दोघांचीच झाली, त्यात मी नव्हते. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्या दिवसातलं मला दुसरंच जास्त आठवतं. बाहेर पडताना एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. पहिल्या रांगेत डोळे मिटून बसले होते.

"बेटा, तू आधी गायली आहेस इथे. सहा-सात वर्षं झाली."

"नाही आजोबा, मी पहिल्यांदाच आले."

"माझा कान चुकत नाही. मारवाच होता. दम थोडा सुधारलास, एवढंच."

 श्वास माझा होता, बोट स्थिर ठेवलं होतं, गुडघ्यावर हात नव्हताच. तरी यांना तीच ऐकू आली होती. म्हणजे जे शिकवलं होतं तेवढंच तिचं नव्हतं. त्याच्याखाली आणखी काही होतं, जे प्रवेशाच्या दिवशी मी भीमगीत ओरडत असतानाही माझ्यात होतं, आणि ते कुणी माझ्यात घातलं नव्हतं. याचं उत्तर मला आजही ठाऊक नाही. दोन परक्या माणसांचे आवाज जुळतात, एवढं मी स्वतःला सांगते.

मी काही बोलणार तोच बाई पुढे झाल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "नाही हो. ती वेगळी मुलगी होती." आणि तिचं पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट, गावासकट.

परतताना गाडीत त्यांनी मला विचारलं, "कशी आहे ती?" मी सगळं सांगितलं. दरेकसा येईपर्यंत त्यांनी एवढंच विचारलं की घरी कोण कोण आहे. पुढच्या आठवड्यात त्या सकाळच्या पॅसेंजरने एकट्याच बिरसीला गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या. तिथे काय बोलणं झालं ते दोघींपैकी कुणीच मला कधी सांगितलं नाही.

जूनमध्ये ती शाळेत आली. आठवड्यातून दोन दिवस, गाडीने. तिच्याकडे नव्या आठ लहान मुलांचा वर्ग दिला, तानपुरा लावायचा आणि ऐकायचं शिकवायला. तिच्यासारखा कान आमच्याकडे कुणाचाच नव्हता. तार केसभर उतरली तरी ती दारातून बोट वर करायची. मावशींनी पहिल्या दिवशी तिच्यासाठी घरून भात आणला होता, मिरचीशिवाय.

सगळं छान चाललं होतं. महिन्याभराने मी मेसमध्ये जेवत होते आणि मला कोपऱ्यातलं टेबल खटकलं. आठ मुलं, दहा-अकरा वर्षांची, सगळ्यांची तोंडं चालू, हातवारे, हसणं, आणि आवाज काहीच नाही. मी जवळ गेले. सगळी कुजबुजत होती.

"काऊन गं, आवाज बसला का तुमचा?" मी एकीला विचारलं.

"नाही ताई." हवा. नुसती हवा.

"मोठ्याने बोल मग."

तिने गोंधळून माझ्याकडे पाहिलं आणि त्याच कुजबुजीत म्हणाली, "मोठ्यानेच तर बोलून राहिली."

मी ताट तसंच ठेवून बाईंकडे धावले. बाई माझ्यामागून आल्या, दारात उभ्या राहून त्या टेबलाकडे पाहू लागल्या. एवढ्यात बिरसीची ती आली. तिला सांगावं लागलं नाही. तिने मुलांकडे पाहिलं, ऐकलं, आणि तिच्या गळ्यातून हसण्यासारखं काहीतरी बाहेर पडलं. मग तिने टाळी वाजवून मुलांना उठवलं आणि मला खुणावलं.

"मैदानात चला. तू ओरड आधी. ट्रकच्या हॉर्नवर ओरडत होती सांगत होती ना, तशी."

मैदान ओलं होतं, पावसाची उघडीप. मी ओरडले. डोंगरावरून आवाज परत आला. मग तिने मुलांना एकेक करून पुढे उभं केलं. पहिल्याला दोन-तीनदा प्रयत्न करावा लागला. मग त्याचा आवाज फुटला आणि तो स्वतःच दचकला. दुसरी, तिसरा, चौथी. असे सात झाले. आठवी ती मेसमधली मुलगी. तोंड उघडून उभी राहिली आणि काही येईना. चेहरा लाल झाला. ती बिरसीची तिच्यासमोर ओल्या गवतात गुडघे टेकून बसली आणि तिचे दोन्ही हात धरले. 

मग आला. चिरका, फाटका, कानाला लागणारा. मी तरी तसा आवाज आधी कधी ऐकला नव्हता. बाई छत्रीला टेकून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, वाकल्या, त्या मुलीच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "बाळा, तुझं नाव काय?"